कुलूप, करपल्लवी आणि फोटॉन

नाहूरहून एका वाचकांनी विचारलं आहे : ‘क्वांटम कॉम्प्युटरने निरोप लपवला तर तो कुणालाच सापडत नाही, असं मुलगा म्हणतो. खरं का? आणि हे शिकायला पवईची आयआयटी चालेल का?’

मुलाने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. करपल्लवीत निरोप चालला आहे हेच तिसऱ्याला उमगत नाही, ते लपवणं. कुलपातली चिठ्ठी दिसते, पण वाचता येत नाही. क्वांटम कॉम्प्युटरचा दरारा आहे तो कुलूप फोडण्यासाठी. आजची बरीच कुलपं कशी उघडतील, ते पीटर शोर यांनी १९९४ मध्येच गणिताने दाखवलं.

कुलपाची किल्ली सुखरूप पोचवण्याचं काम मात्र साधा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, करतो. ही युक्ती चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये आपल्याच बंगळूरला एका परिषदेत मांडली.

घरी करून बघा. पोलरॉइड गॉगल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका जागी पडदा काळा होतो, तिथून काटकोनात उजळतो, आणि बरोबर मध्ये उजेड निम्मा होतो. आता त्या मधल्या जागी एकच फोटॉन आला तर? त्याचे दोन तुकडे होत नाहीत. तो आरपार जातो नाहीतर अडतो, आणि काय होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

सगळी गंमत इथेच आहे. पाठवणारा कधी उभा-आडवा, कधी तिरका फोटॉन सोडतो. घेणाराही अंदाजानेच गॉगल धरतो. मग दोघं उघडपणे फक्त ‘सरळ की तिरका’ एवढंच बोलतात आणि जुळलेले फोटॉन ठेवतात. मध्ये कुणी प्रत्येक फोटॉन बघून नवा पुढे सोडला, तर त्याचा गॉगल निम्म्या वेळा चुकतो आणि जुळलेल्यांत साधारण चारांत एक चूक निघते. थोडे फोटॉन ताडून पाहिले की चोरी उघडकीस येते. किल्ली टाकून द्यायची. निरोप तर अजून घरातच असतो! मला याहून देखणी पहारेदारी ठाऊक नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, शंभरावर किलोमीटर, नेहमीच्या ऑप्टिकल फायबरवरून अशी किल्ली पोचवली.

खरोखरीचं लपवणंही आहे. लाइनवर थोड्या चुका कायमच होतात. निरोप त्या चुकांचंच सोंग घेऊन जाऊ शकेल, असं काही संशोधकांनी गणिताने मांडलं आहे.

आता पवई. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये आयआयटी मुंबईकडे सूक्ष्म मोजमापाचं केंद्र आहे, संदेशवहनाचं आयआयटी मद्रासकडे. फोटॉन हाताळायला मात्र दोन्हीकडे शिकावं लागतं, तेव्हा नाहूरहून जवळचं ते आधी बघा.