महागडा रॅचेट : किंमत आणि उपयुक्तता

मोटार-दुरुस्तीच्या कामात नट सैल करणे व आवळणे यांतच कारागिराचा पुष्कळसा वेळ खर्च होतो. हा वेळ वाचविणारे हत्यार म्हणजे रॅचेट होय. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक येथील जे. जे. रिचर्डसन यांना १८६३ साली अशा पान्याचे पेटंट मिळाले. त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. दांड्याच्या डोक्यात एक दातेरी चक्र असते व त्याच्या दातांत एक अटकण बसते. दांडा एका दिशेने फिरविला की गोटी आणि नट फिरतात. उलट आणताना अटकण दातांवरून घसरते. त्यामुळे पाना दरवेळी नटावरून काढून पुन्हा बसवावा लागत नाही.

साधा रॅचेट काही शे रुपयांत मिळतो. नामांकित बनावटीच्या रॅचेटसाठी कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. नट दोन्हींनी फिरतो. मग जादा पैसे कशासाठी द्यावयाचे, हा कारागिराचा प्रश्न रास्त आहे.

दातांचे गणित

चक्राला २४ दात असल्यास पुढचा दात पकडण्यासाठी दांडा १५ अंश फिरवावा लागतो. ७२ दात असल्यास ५ अंश पुरतात. दांडा २५ सें.मी. लांबीचा धरला, तर त्याचे टोक पहिल्या प्रकारात सुमारे ६.५ सें.मी. आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे २.२ सें.मी. हलते. इंजिनाच्या मागील अरुंद जागेत हात तीन-चार सें.मी. पलीकडे जात नसेल, तर २४ दातांचा रॅचेट तेथे चालतच नाही. मोकळ्या जागेतील नटासाठी मात्र तो पुरेसा असतो.

दातांची संख्या वाढली की प्रत्येक दात लहान होतो. तो झिजू वा तुटू नये म्हणून उत्तम पोलाद, अचूक घडण आणि एकाच वेळी अनेक दात पकडणारी अटकण आवश्यक ठरते. जादा किंमत द्यावयाची ती या गुणांसाठी, चकाकीसाठी नव्हे. शिवाय बारीक दातांत धूळ व घट्ट झालेले ग्रीस साचल्यास पकड सुटते. म्हणून असे हत्यार नियमितपणे स्वच्छ ठेवावे लागते.

किंमत कशी जोखावी?

उदाहरणादाखल साधा रॅचेट ६०० रुपयांचा आणि महागडा ६,००० रुपयांचा धरू. फरक ५,४०० रुपयांचा. महागड्या रॅचेटमुळे रोज ५ मिनिटे वाचली, तर ३०० दिवसांत २५ तास वाचतात. तासाला १५० रुपये मोल धरल्यास वर्षाला ३,७५० रुपये होतात व फरक दीड वर्षाच्या आत भरून निघतो. तेच हत्यार आठवड्यातून एकदाच कामी आले, तर त्याच हिशेबाने आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. अर्थात, वाचलेल्या वेळात करण्यासारखे दुसरे काम हाती असेल, तरच ही बचत खरी.

महागड्या हत्याराचाही गैरवापर होऊ शकतो. गंजून बसलेला नट सोडविण्यासाठी रॅचेटच्या दांड्याला नळी जोडून जोर लावणे धोक्याचे असते. दात अचानक तुटल्यास हाताला गंभीर इजा होते. अशा वेळी प्रथम लांब, सरळ दांडा वापरून नट सैल करावा आणि मगच रॅचेट हाती घ्यावा.

खरेदी करताना

मागणीपत्रात केवळ ‘रॅचेट, एक नग’ एवढेच लिहिले, तर सर्वांत स्वस्त वस्तू येणार, यात नवल नाही. शासकीय कार्यशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा ग्रामपंचायत यांनी चौकोनाचे माप (६.३, १० वा १२.५ मि.मी.), दातांची संख्या, दांड्याची लांबी आणि अटकणीचे सुटे भाग मिळण्याची हमी स्पष्ट नमूद करावी. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला महागडा रॅचेट देण्याची गरज नाही. नेहमीच्या सरावासाठी साधे रॅचेट आणि अडचणीच्या जागांसाठी बारीक दातांचे एक-दोन, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. शिक्षकांनी दात मोजून अंश काढण्याचा पाठ प्रत्यक्ष हत्यारावर द्यावा. हा हिशेब ज्याला कळला, त्या कारागिराला स्वस्त वस्तूचा मोह पडत नाही आणि महाग वस्तूचा दिमाखही भुलवीत नाही.