शेतजमीन घेताना : अनुदान कोणाचे?

मंडळातील काही कुटुंबांत सध्या शेतजमिनीत पैसे गुंतवण्याची चर्चा चालू आहे. गेल्या वर्षी आम्ही चौघा मित्रांनीही इलिनॉयमधील मॅक्लेन कौंटीतल्या ८० एकरांचा विचार केला. ब्लूमिंग्टनभोवतीचा हा मुलूख मका आणि सोयाबीनचा. दलालाच्या कागदावर उत्पन्नाचे दोन आकडे होते : खंड आणि सरकारी अनुदान. दोहोंची बेरीज करून किंमत मागितली होती. ती बेरीजच चूक होती.

भारतात पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्या शेतकरी कुटुंबाला मिळतात. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला ते मिळत नाहीत. अमेरिकेत पिकांच्या अनुदानाचा नियम जवळजवळ उलटा आहे. पिकाची जोखीम ज्याची, अनुदान त्याचे. जमीन ठरलेल्या रोख खंडाने दिली, तर अनुदान कसणाऱ्याला. मालकाला काही नाही. वाट्याने दिली, तर वाट्याच्या प्रमाणात दोघांना. शिवाय अनुदान मिळणार म्हणूनच कसणारा थोडा जास्त खंड देऊ शकतो. म्हणजे खंडात ते काही अंशी आलेलेच असते. वेगळे धरले तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

आता रक्कम कशी ठरते ते पाहू. २०१४ च्या कायद्याने दरवर्षीची ठरावीक रक्कम बंद झाली. आता भाव किंवा उत्पन्न घसरले तरच पैसे मिळतात. हिशेब प्रत्यक्ष पेरणीवर नसून, जुन्या पेरणीवरून सरकारदरबारी नोंदलेल्या 'बेस एकरां'वर होतो, आणि त्यांपैकी ८५ टक्केच धरतात. समजा, ८० एकरांत मक्याचे बेस एकर ६० आहेत, नोंदलेला उतारा एकरी १५० बुशेल आहे आणि बाजारभाव संदर्भ भावापेक्षा २० सेंटने कमी आहे. मग :

६० × ०.८५ × १५० × ०.२० = १,५३० डॉलर.

भाव चढला, तर शून्य. जे मिळेल तेही साधारणपणे पीक निघाल्यावर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर.

एच-१ व्हिसावरील मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांना, जमीन व भांडवलाबरोबर स्वतः शेतात पुरेसे राबल्याखेरीज, हे अनुदान मिळत नाही. तसेच शेतजमीन घेतल्यावर ९० दिवसांत कृषी खात्याकडे एफएसए-१५३ हा फॉर्म भरावा लागतो. चुकल्यास दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो! काही राज्यांत खरेदीवरच बंधने आहेत. वकिलाला आधी विचारावे.

सही करण्यापूर्वी एवढे करा :

१. विकणाऱ्याकडून एफएसए-१५६ ईझेड हा उतारा मागा. आपल्या सातबाऱ्यासारखाच समजा. त्यात बेस एकर व नोंदलेला उतारा असतो.
२. खंडाचा करार रोख की वाट्याचा, ते स्वतः वाचा.
३. अनुदान शून्य धरून परतावा काढा.

आम्ही तिसरी पायरी केली, तेव्हा परतावा बँकेतल्या मुदत ठेवीपेक्षाही कमी निघाला. व्यवहार सोडून दिला. जमीन वाईट नव्हती, हिशेब वाईट होता. अनुदान सोडूनही जी जमीन परवडते, तीच घ्यावी.