आधी अभय दे

चि. केतकी,


ईशान तिसरीत गेला, घरातला जुना मोबाइल आता त्याच्याच हातात असतो, तर त्यात कोणतं ॲप टाकलं म्हणजे मी निर्धास्त होईन, असं तू विचारलंस. ॲपचं सांगतेच. पण त्याआधी त्याला जवळ बसवून एवढं सांग : "मोबाइलवर काही घाणेरडं दिसलं, कुणी काही विचारलं, तुझ्या हातून काही चुकलं, तरी मला येऊन सांग. मी रागावणार नाही आणि मोबाइल काढून घेणार नाही." हे अभय एकदा देऊन भागत नाही. अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं, आणि वेळ आली की पाळावंही लागतं.

मी शाळेत शिकवत असताना चौथीतला एक बडबड्या मुलगा एकाएकी गप्प झाला. गेमच्या चॅटवर त्याला एक 'दादा' भेटला होता. आधी नुसतं कौतुक, मग गेममधले डायमंड भेट. मग शाळा कुठली, आई किती वाजता घरी येते. पुढे गप्पा व्हॉट्सॲपवर, "हे आपलं सीक्रेट हं". मग शर्ट काढून फोटो. फोटो गेल्यावर धमकी : आणखी पाठव, नाहीतर तुझ्या बाबांना दाखवतो. त्या पोराला त्या माणसाची भीती होतीच, पण बाबांची त्याहून जास्त होती. बरेच दिवस त्याने ते एकट्याने सोसलं. शेवटी मोठ्या बहिणीपाशी बोलला, तेव्हा घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली. केतकी, असली माणसं मुलांच्या मनातल्या याच धाकावर जगतात.

म्हणून "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" एवढ्याने काम होत नाही. चार दिवस एकत्र खेळल्यावर मुलाच्या लेखी तो माणूस अनोळखी राहतच नाही. त्यापेक्षा खुणा सांग. आईला सांगू नको म्हणणारा, भेट देऊ करणारा, फोटो मागणारा, दुसऱ्या ॲपवर बोलावणारा : यातलं एक जरी घडलं तरी ईशानने सरळ तुझ्याकडे यायचं.

आता ॲपचं. गूगलचं फॅमिली लिंक घे. त्याला नवीन ॲप हवं असेल तर तुझ्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते. गेममधलं चॅट आणि व्हॉइस तू स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. यूट्यूब किड्समध्ये तू निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, ती वापर. नुसत्या 'किड्स' या नावावर विसंबू नकोस. लाडक्या कार्टूनची पात्रं घेऊन केलेले भयानक व्हिडिओ तिथेही शिरले होते, २०१७ साली त्यावरून मोठा गदारोळ झाला.

इन्स्टाग्रामची १३ वर्षांची अट तर सगळ्यांनाच ठाऊक असते. पण तेराव्या वर्षी मूल शहाणं होतं म्हणून ती आलेली नाही. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याने त्याहून लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई केली, तिथून तो आकडा आला. आपल्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचं ते मूल. वर्गात सगळ्यांचं आहे म्हणून खोटी जन्मतारीख घालून त्याला खातं उघडून देऊ नकोस. तसं केलंस तर लहानांसाठी ठेवलेली बंधनंही त्या खात्याला लागू होत नाहीत.

तू स्टेटसला त्याचे गणवेशातले फोटो टाकतेस, तेही थांबव. बिल्ल्यावर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येतं.

आणि उद्या काही वाईट घडलंच, तर घाईने काही पुसू नकोस. आधी संभाषणाचे आणि त्या माणसाच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घे, मग ब्लॉक कर. त्याने पैसे मागितले तर देऊ नकोस, दिले की मागणी वाढते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८, दोन्ही नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेव. मुलाचा तसा फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा ग्रुपवर कधीही पाठवू नकोस. तो पसरवणं हा पोक्सो कायद्याने गुन्हाच आहे. असा फोटो इंटरनेटवर गेलाच, तर तो काढून टाकायला 'टेक इट डाउन' नावाची एक विनामूल्य सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच मोबाइलवर फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात.

राहता राहिला माझ्या दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, मोबाइल. शाळेतून आल्यावर ईशान आजोबांकडेच असतो आणि त्या मोबाइलला ना लॉक, ना कसली मर्यादा; वर त्यातून यूपीआयही चालतं. तू बोललीस तर दादाला वाईट वाटेल, म्हणून त्याच्याशी मी बोलते. रविवारी येऊन त्याला स्क्रीन पिनिंग शिकवते, म्हणजे ईशानला एकच ॲप उघडून देता येईल. त्यासाठी पिन लागेल, पण तो तुझ्या लग्नाच्या तारखेचा नको. ती ईशानला पाठ आहे.

तुझी,
आत्या