चाड्यावर मूठ

मुलांनो, ‘रबी’ आणि ‘खरीफ’ हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीत त्यांनाच रब्बी आणि खरीप म्हणतात. अरबीत रबी म्हणजे वसंत ऋतू. गहू वसंताच्या सुमारास कापणीला येतो, म्हणून तो रब्बीचे पीक. पण त्याची पेरणी पावसाळा संपल्यावर होते. आता सांगा, आकाशात ढग नाही, विहिरीने तळ गाठला आहे, अशा वेळी गहू कसा पेराल?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे गाव आहे. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अशा मुलखात शेतकऱ्याची खरी ठेव म्हणजे जमिनीच्या पोटातली ओल. ती जपण्यासाठी तो पावसाळ्यात रान मोकळे ठेवतो आणि कुळवाच्या पाळ्या घालतो. तण मरते, भेगा बुजतात. वरची माती भुसभुशीत होते आणि खालच्या ओलीवर पांघरुणासारखी पसरते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो मूठभर माती दाबून पाहतो. वरची माती कोरडी असते. बोटभर खाली ओल लागते. बी तिथे पोहोचले पाहिजे. हाताने फोकून दिलेले बी वरच राहील आणि मुंग्या-पाखरे ते खातील. म्हणून पाभर हवी.

पाभर हे लाकडी अवजार आहे. तिला तीन फण असले की तिला तिफण म्हणतात. फणांमागे पोकळ नळ्या असतात. त्या वर एका लाकडी वाटीला जोडलेल्या असतात. ही वाटी म्हणजे चाडे. एक माणूस बैल हाकतो. दुसरे कोणीतरी, पुष्कळदा घरातली बाई, चाड्यात दाणे सोडत मागून चालते. ‘चाड्यावर मूठ धरणे’ म्हणजे पेरणी करणे, हा वाक्प्रचार इथूनच आला. हे काम दिसते तितके सोपे नाही. मूठ सैल सुटली तर बी दाट पडते आणि थोड्या ओलीवर फार रोपे जगवावी लागतात. कोरडवाहू गव्हाला हेक्टरी 75 ते 100 किलो बियाणे पुरते. हा हिशेब त्या बाईच्या बोटांत असतो!

रुमण्यावर, म्हणजे मुठीच्या दांड्यावर, भार दिला की फण खोल जातो. ओल खाली गेली असेल तर शेतकरी भार वाढवतो. इथे एक अडचण आहे. पूर्वीचे गहू उंच वाढत आणि त्यांचा कोंब खोलातूनही वर येई. 1960 नंतरच्या दशकात मेक्सिकोहून बुटक्या जाती भारतात आल्या. त्या वाऱ्याने लोळत नाहीत, उत्पन्नही जास्त देतात. पण त्यांच्या कोंबावरचे आवरण आखूड असते. बी फार खोल गेले तर कोंब मातीतच गुदमरतो. म्हणून बी पाच-सहा सेंटीमीटर खोल पडावे लागते. तेवढ्यात ओल नसेल तर? तर शहाणा शेतकरी गव्हाचा हट्ट सोडतो आणि हरभरा पेरतो. खरिपात पेरणी फसली तर पुन्हा पाऊस येण्याची आशा असते. रब्बीत ती नसते. घरातले बियाणेही गेलेले असते.

अवजार कितीही चांगले असले तरी ते ओल निर्माण करत नाही. हे राळेगणच्या लोकांनी ओळखले. 1975 मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. त्यानंतर लोकांनी श्रमदानाने नाल्यांवर बांध घातले, उतारावर चर खणले. वाहून जाणारे पाणी मुरू लागले आणि विहिरींची पातळी वाढली. मग गावाने आणखी एक कठीण गोष्ट केली. ऊस लावायचा नाही असे ठरवले. पाणी दिसू लागल्यावर ते राखून वापरणे मला तरी बांध घालण्याहून अवघड वाटते. विहिरीत एकाच पाण्यापुरता साठा असेल, तर ते पाणी गव्हाला पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी देतात.

आता तुम्ही एक प्रयोग करा. दोन कुंड्यांत ओलसर माती भरा. एकीत गव्हाचे दहा दाणे पाच सेंटीमीटर खोल पेरा, दुसरीत बारा सेंटीमीटर. दोन्ही सावलीत ठेवा. रोज पाहा आणि कोणत्या कुंडीत, कितव्या दिवशी, किती कोंब वर आले ते वहीत मराठीत लिहा. बारा दिवसांनी दुसऱ्या कुंडीतली माती हळूच उकरा. न आलेले कोंब कुठवर पोहोचले होते, तेही मोजा.