जुनी राजधानी

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी होय. परंतु अहमदपूरच्या पणजोबांची राजधानी होती हैदराबाद. १९४८ साली निजामाची राजवट संपली आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या शहराच्या हुकुमाने येथील रयत वागत असे, तेच शहर आता येथील मुले हौसेने पाहावयास जातात.

तेथे शहराच्या जुन्या भागात चारमिनार उभा आहे. महंमद कुली कुतुबशहाने तो १५९१ साली बांधविला.

मुसी नदीच्या काठी सालारजंग वस्तुसंग्रहालय आहे. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली रिबेका तेथे पाहावी. तिच्या मुखावरील ओढणी संगमरवराचीच; तरी तिच्यातून चेहरा दिसत असल्याचा भास होतो!

शहराच्या पश्चिमेस गोवळकोंड्याचा किल्ला आहे. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर टेकडीवरील बालाहिसारात ऐकू येते. अशा बळकट किल्ल्याला औरंगजेबाने सुमारे आठ महिने वेढा घातला. अखेर १६८७ साली, जे तोफांना साधले नाही, ते फितुरीने साधले. आतूनच दार उघडले गेले.

कुतुबशाही गेली, मोगलांचा अंमल गेला, निजामाची सत्ताही गेली. उरले ते कारागिरांच्या हातांचे काम. बांधविणाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. दगड वाहणाऱ्यांची आणि घडविणाऱ्यांची बहुतेक नावे मात्र कोणीच लिहून ठेवली नाहीत. वास्तू पाहताना त्यांचेही स्मरण ठेवावे.

स्वाध्याय
१. गोवळकोंडा कशामुळे पडला?
२. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती मिळवून लिहा.