कर्ज मिटलं, नोंद राहिली

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. काहींनी टँकर लावून झाडं जगवली, बऱ्याच जणांनी शेवटी त्यांचं सरपण केलं. बाग गेली, बागेवरचं पीककर्ज मात्र राहिलं. अंबड तालुक्यातल्या एका बागायतदाराचं खातं तेव्हाच थकलं. पुढे 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाच्या वरची रक्कम त्याने स्वतः भरली आणि दीड लाखाचा लाभ सरकारकडून मिळाला. बँकेने बेबाकी दिली, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. गावाच्या लेखी माणूस मोकळा झाला.

काही वर्षांनी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी तो दुसऱ्या बँकेत गेला, तर तिथे त्याचं नाव थकबाकीदारांत. जुन्या बँकेने खातं बंद केलं होतं. तसं सिबिल या पत माहिती संस्थेला कळवलंच नव्हतं.

हा अनुभव तो आता भेटेल त्याला सांगतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. कर्जाची नोंद तीन ठिकाणी असते: बँकेत, सातबाऱ्यावर आणि पत अहवालात. पहिल्या दोन ठिकाणी शेतकरी स्वतः जाऊन खातरजमा करतो. तिसरी नोंद त्याला सहसा दिसतच नाही, आणि पुढचं कर्ज तर तिच्यावरच ठरतं.

कर्ज फेडणं अशक्यच झालं, तर अमेरिकेत माणसाला कोर्टात दिवाळखोरी जाहीर करता येते आणि ती नोंद अहवालात 10 वर्षांपर्यंत राहू शकते. ब्रिटनमध्ये ती साधारण 6 वर्षं राहते. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. म्हणजे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या स्टील कंपनीच्या कर्जाला संचालकाने जामीन दिला असेल, तर तो या कायद्याखाली येतो. मोसंबीवाला येत नाही. त्याच्यासाठी दिवाळखोरी म्हणजे थकलेलं खातं, मग तडजोड किंवा माफी, आणि त्यानंतर पत सावरण्याची लांब वाट.

या वाटेवर दोन अडचणी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, नोंद चुकीची असणं. दुसरी, नोंद खरी पण वाईट असणं.

बागायतदाराची अडचण पहिल्या प्रकारची होती. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते. 26 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हरकतीचा निकाल 30 दिवसांत लागला नाही, तर तक्रारदाराला दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; 2022 पासून पत माहिती संस्थाही लोकपालाच्या कक्षेत आहेत. बागायतदाराने बेबाकी जपून ठेवली होती, म्हणून त्याचं काम झालं. कर्जमाफीच्या यादीतलं नाव आणि बेबाकीचा दाखला हे दोन कागद घरातल्या खरेदीखताइतकेच जपायला हवेत.

दुसरी अडचण कागदाने सुटत नाही. बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली, तर खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो. पूर्ण फेडीनंतरचा ‘क्लोज्ड’ हा शेरा वेगळा. पुढची बँक पहिला शेरा पाहून सावध होते. सोडलेली रक्कम नंतर भरायची तयारी असेल, तर बँकेशी बोलून शेरा बदलून घेता येतो. पण बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत. तडजोडीनंतर त्याच बँकेचं नवं कर्ज लगेच मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या नियमानुसार शेतीखेरीज इतर कर्जांना किमान 12 महिने थांबावं लागतं. शेतीकर्जाचा काळ बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं, हा समजही अर्धवट आहे. माहिती किमान सात वर्षं ठेवलीच पाहिजे, असं नियम सांगतो. त्यानंतर ती काढलीच पाहिजे, असं सांगत नाही. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला तर दारातूनच परत पाठवावं. खरी नोंद त्याला पुसता येत नाही आणि चुकीची नोंद शेतकरी स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकतो.

मग 300 ते 900 च्या मोजपट्टीवरचा पतगुणांकाचा आकडा वर चढतो कसा? नव्या व्यवहाराने. अहवालात प्रत्येक खात्याचे मागचे 36 महिने दिसतात. ताजे महिने स्वच्छ जात राहिले की जुन्या थकबाकीचं वजन कमी होत जातं. सोनेतारण, मुदत ठेवीवर घेतलेलं छोटं कार्ड, बचत गटामार्फत मायक्रोफायनान्सचं कर्ज, यांतलं झेपेल ते एकच घ्यावं आणि हप्ता चुकवू नये. पीककर्जाचं नवं-जुनं मुदतीतच करावं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं, तो फायदा वेगळाच. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नयेत; प्रत्येक चौकशीची नोंद होते. कोणाला जामीन राहण्याआधी दहादा विचार करावा, कारण त्याची थकबाकी जामीनदाराच्या अहवालातही उमटते.

पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं. ती ताकीद गरजेचीच होती. पण ती पीककर्जापुरती आहे. ट्रॅक्टर, घर, दुकान यांच्या कर्जाला आकडा पाहिला जातोच, आणि तो घसरलेल्याला शेवटी सावकाराचं दार दिसतं.

खरं तर खातं थकण्याआधीच हात हलवणं सर्वांत स्वस्त पडतं. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांत, नैसर्गिक आपत्तीत पिकाचं 33 ते 50 टक्के नुकसान झालं तर 2 वर्षांपर्यंत आणि त्याहून जास्त झालं तर 5 वर्षांपर्यंत मुदतीचं पुनर्गठन दिलं होतं. वेळेत पुनर्गठन झालेलं खातं थकीत धरलं जात नाही. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली पिकं गेली, तेव्हा अनेकांच्या बोलण्यात फक्त माफी होती. माफी कधी येईल आणि कोणाला लागू होईल ते सरकार ठरवतं; तोवर प्रत्येक थकलेला महिना अहवालात चढत राहतो. पुनर्गठनाचा अर्ज शेतकऱ्याच्या हातात असतो. तो लेखी द्यावा, सोबत पंचनाम्याची प्रत जोडावी आणि शाखेचा शिक्का मारलेली पोच घेऊन बेबाकीच्याच फाईलला लावावी.