बाकी कुठे गेली?

आम्ही कला शाखेचे पदवीधर. गणिताला भिऊनच ती शाखा घेतली, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढे बँकेच्या भरती परीक्षेने तेच गणित पुढ्यात आणून ठेवले, आणि नोकरीही अशी की दिवसभर आकडेच. उत्तर नागपुरातील आमच्या रविवारच्या वर्गात हुशार मुलेसुद्धा ३/८ चे दशांश रूप विचारले की पेन खाली ठेवतात. असे दोन-तीन गुण गेले की भरतीच्या यादीतून नाव जाते. म्हणून हा लेख.

३/८ म्हणजे ३ भागिले ८, एवढेच. समजा, ३ रुपये आठ जणांत वाटायचे आहेत. एकेक रुपया सर्वांना पुरत नाही, म्हणून भागाकारात ० लिहून दशांशचिन्ह द्यावे. आता रुपये मोडून दहा-दहा पैशांची नाणी केली तर ती ३० होतात. (तीनवर शून्य देतात ते याचसाठी, ते आकाशातून पडत नाही.) आठ त्रिक चोवीस, बाकी ६. त्यांचे सुटे पैसे ६०. आठ साते छप्पन्न, बाकी ४. पैशाचेही दहा भाग कल्पिले तर ४०. आठ पंचे चाळीस, बाकी शून्य. उत्तर ०.३७५.

खरी चूक होते ती १/१६ मध्ये. १ चे १० केले तरी १६ चा भाग जात नाही. येथे भागाकारात एक शून्य लिहूनच पुढचे शून्य घ्यावे लागते. मुले थेट १०० करतात आणि ०.६२५ लिहून मोकळी होतात. उत्तर दसपट झाले! बरोबर उत्तर ०.०६२५.

हा १/१६ म्हणजे आपल्या आजोबांचा आणा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा पैसे झाले, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून जवळचा पूर्ण आकडा धरायचा, नेमका अर्धा आला तर खालचा, असे ठरले. आण्याचे ६ पैसे, तीन आण्यांचे १९, आणि सहा आण्यांचे, म्हणजे आपल्या वरच्याच ३/८ चे, ३७. एकेक आणा सोळा वेळा मोडणाऱ्याच्या हाती ९६ पैसे, आणि अख्खा रुपया मोडणाऱ्याच्या हाती १००. त्या काळी चार पैसे म्हणजे काही थोडे नव्हते.

२५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, तरी हिशेबातून पैसा गेलेला नाही. दहा हजारांवर सरळ व्याज दरसाल ७ टक्के, म्हणजे वर्षाचे ७०० रुपये. महिन्याचे काढताना १/१२ ला आधीच ०.०८ धरले तर ५६ रुपये येतात. ७०० ला १२ ने भागले तर ५८.३३. वर्षात २८ रुपयांचा फरक! बचत गटाच्या वहीत ही चूक आम्ही पाहिली आहे. आकडा तोडायचाच तर शेवटी तोडावा.

१/१२ चा भागाकार संपत नाही. अपूर्णांक संक्षिप्त केल्यावर छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ खेरीज दुसरा अंक असला, की असेच होते. १२ मध्ये ३ आहे.

आता १/७ स्वतः करा आणि प्रत्येक बाकी बाजूला लिहीत चला. बाकी ७ पेक्षा लहानच असणार, म्हणजे १ ते ६ यांपैकीच. सहा अंक झाले की सुरुवातीचाच १ पुन्हा भेटेल. तेथे थांबा.